सोललेलं अंडं

एचआयव्हीच्या गोळ्यांच्या खिडकीसमोरच्या बाकावर काल एक सासू सुनेसाठी उकडलेलं अंडं सोलत होती. गळ्यात तुळशीची माळ. वासाने तोंड बाजूला वळवलेलं, पण टरफलाचा एवढासा तुकडाही ती अंड्यावर राहू देत नव्हती.

"माळकरी ना तुम्ही?" मला राहवलं नाही.

"माळ माझ्या गळ्यात आहे, बाई. ताकद हिला पाहिजे. तुम्हीच तर आहाराचा कागद दिलात."

तो कागद मी रोज वाटते. त्यावर नुसतं 'अंडी' असं लिहिलेलं असतं. ती कुणाच्या चुलीवर काय ओलांडून चढतात, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"एक पुरे, आई," सून हळूच म्हणाली.

सासूने बोटं पदराला पुसली आणि दुसरं अंडं सोलायला घेतलं.