ताप उतरल्यानंतरची पानं

दुपारची जेवणं झाली की प्रमिलाबाईंना आडवं झाल्याशिवाय चैन पडत नाही, आणि आडवं झालं की झोप येत नाही. डोळे मिटलेले, कान टक्क उघडे. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत जातो, तो ऐकू येतो. पलीकडच्या खोलीत दिनकरराव पेपर उलटतात, तेही ऐकू येतं. आज तर उशाशी कादंबरीचं प्रूफ आहे, म्हणजे झोपेचं नावच नको.

पासष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी. प्रकाशकांनी काही दाद दिली नाही, तेव्हा बाईंनी ठरवलं, आपणच छापायची. घरात भुवया उंचावल्या. बाई म्हणाल्या, उंचावू देत. कुणाकुणाला विचारत त्या पुण्याच्या गार्गीपर्यंत पोचल्या. ही पोरगी कुठल्या कचेरीत जात नाही, घरी बसून लोकांची पुस्तकं तपासून देते. बोलायला लाघवी, पण कामात कुणाची भीडभाड नाही. पहिला भाग वाचून म्हणाली, "काकू, मला रडू आवरेना." बाईंना चार दिवस जमिनीवर पाय ठेवता येईना. मग दुसरा भाग आला, समासात तांबड्या अक्षरांनी भरलेला. 'ताप उतरल्यानंतरची पानं निर्जीव आहेत. ही बाई संसार करते, पण नवऱ्याकडे बघतसुद्धा नाही.' आणि त्याच्याखाली, 'धाकटी बहीण कुठे गेली?'

गार्गीला बिचारीला काय माहीत! प्रमिलाबाईंची थोरली बहीण हेमलता, तिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि ती तापाने गेली. एकोणीस वर्षांची होती. मुलगा चांगला, घर चांगलं, मग वर्षाच्या आत कार्य उरकून घ्या, असं चारचौघांनी सुचवलं आणि त्याच मुलासमोर धाकटीला उभं केलं. तो मुलगा म्हणजे पलीकडे पेपर वाचणारे दिनकरराव. कादंबरीत मात्र ताप उतरतो. ताई उठून बसते, तिचं लग्न होतं, तिला मुलं होतात, पुढे तिचे गुडघेसुद्धा दुखतात.

गार्गीचं म्हणणं, कादंबरी तापापाशी थांबवा, पुढची पानं काढून टाका. संध्याकाळी तिचा फोन येणार, छापखाना खोळंबलाय. आणि बाईंच्या छातीवर दगड बसलाय. ताईला एकदा पोचवून आलो, आता स्वतःच्या हाताने पुन्हा पोचवायचं?

भंगारवाल्याचा आवाज लांब जातो. आणखी लांब जातो. पायाखाली फरशी थंड लागते.

छापखान्यात बायका जमिनीवर बसून छापील कागद दुमडताहेत. हा छापखाना बाईंनी कधी पाहिलेला नाही, सगळं फोनवरच ठरलंय, तरी वाट त्यांना पाठ आहे. मोठाले ताव दोऱ्यांवर वाळत घातलेत. अगदी कोपऱ्यात एक मुलगी एकटीच बसलीय, लांब वेणी पुढे घेतलेली.

"बस ना पमे," ती वर न बघता म्हणते. "किती उशीर केलास."

"ताई," प्रमिलाबाई म्हणतात. नातवंडं असलेल्या बाईने एकोणीस वर्षांच्या पोरीला ताई म्हणायचं! पण जिभेवर दुसरं काही येतच नाही.

ताई वर बघते आणि डोळे मोठे करते. "केसांना काय केलंस हे? आईला विचारलंस का?"

"आपोआप झाले."

"बरं, ते राहू दे. माझी उजळणी घे." ती मांडीवरचं कादंबरीचं पान पुढे करते. "हे सगळं पाठ करायचंय मला. हं, विचार, थोरल्या मुलाचं नाव काय?"

"शिरीष."

"अगं, तू नको सांगूस! मी सांगायचंय." ताई कपाळाला आठ्या घालते. "शिरीष. त्याला काय आवडत नाही?"

"दुधी. ताटात दिसला तरी उठून जायचा."

"बघ. तुला न बघता येतंय. मी इथं बसून घोकतेय, पान उलटलं की कोरी पाटी." ताईचा आवाज बारीक होतो. "मला यातलं काहीच आठवत नाही गं पमे."

दोऱ्यांवरचे ताव आता चादरी झालेत. सरकारी दवाखान्याच्या, कडेला निळी पट्टी असलेल्या. लोखंडी खाटेवर ताई पडलीय आणि प्रमिलाबाई पातेल्यातल्या पाण्यात पट्टी बुडवून तिच्या कपाळावर ठेवताहेत. कपाळ थंडगार आहे. तरी पट्टी ठेवल्या ठेवल्या वाळते. पुन्हा बुडवायची, पुन्हा ठेवायची, पुन्हा वाळते.

"या माणसाशी माझं लग्न लावलंयस," ताई छताकडे बघत म्हणते. "मी त्याला एकदाच पाहिलं, पोहे द्यायला गेले तेव्हा. मान वर करायची सोय नव्हती. मला नुसते त्याचे बूट आठवतात."

"तपकिरी."

"तपकिरीच. बाकी मला काय ठाऊक? घोरतो का तो?"

"डाव्या कुशीवर वळले की घोरतात."

"तापट आहे?"

"नाही गं. चिडले की गप्प बसतात. त्याचंच जास्त लागतं."

"तुला आवडतो?"

प्रमिलाबाईंच्या हातातली पट्टी पातेल्यात पडते. पाहुण्यांनी विचारलं नव्हतं, वडिलांनी विचारलं नव्हतं, आईने तर पदर डोळ्यांना लावला होता, ती काय विचारणार! इतक्या वर्षांत खुद्द दिनकररावांनीही विचारलेलं नाही. बाई कुणाला आपण होऊन सांगायला गेल्या नाहीत. सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

"मी विचारतेय ना," ताई म्हणते.

"आवडतात," बाई म्हणतात, आणि त्यांना हुंदका फुटतो. "आवडतात गं ताई. तुझ्यासाठी बघितलेले होते, तरी आवडतात. तू गेलीस म्हणून मला सुख लागलं. त्याची मला लाज वाटते. म्हणून कागदावर तरी तुझे तुला देऊन टाकले."

"आणि स्वतःला?"

"स्वतःला कुठं ठेवू? तू जगलीस तर माझं काय होतं, ते मला सुचेचना. मी लिहायला बसले की पान कोरंच राहायचं. सगळा जन्म तुझं उष्टं खाल्ल्यासारखा गेलाय माझा."

ताई खाटेवरून उतरते, आणि उतरते ती शाळेच्या भिंतीवर. दोघी भिंतीवर बसल्यात. खाली रिकामं मैदान आहे. प्रमिलाबाईंचे पाय जमिनीला पुरत नाहीत, नुसते लोंबकळताहेत. शाळेची घंटा हलतेय पण वाजत नाही. ताईने मूठ उघडली तर त्यात लिमलेटची एकच गोळी आहे, नारिंगी.

"एकच?" प्रमिलाबाई विचारतात. त्यांना एकदम रडवेलं व्हायला होतं, गोळी एकच आहे म्हणून.

"पदर दे तुझा."

ताई पदराच्या टोकात गोळी गुंडाळते, टोक पिळते आणि दाढेखाली धरते. कट्. उलगडून मोठा तुकडा ती धाकटीच्या हातावर ठेवते.

"चिमणीच्या दातांनी तोडलीय," ती म्हणते. "याला उष्टं म्हणत नाहीत. एवढंही विसरलीस?"

गोळी तोंडात गोड लागते आणि बाईंच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नाही.

"माझा ताप तेवढा राहू दे," ताई म्हणते. "तो माझा आहे. पुढचं सगळं तुझं आहे, ते तुझ्या नावाने लिही. दुधी न खाणारा पोरगासुद्धा."

"मग तू?"

"मी गेलेलीच आहे गं, पमे."

"निदान पुस्तकात तरी राहा."

"तिथं मला करमत नाही." ताईची नजर मैदानावर आहे. "तिथं तू नाहीस."

प्रमिलाबाई तिचा हात धरायला जातात. हाताखाली भिंत लागते, उन्हाने तापलेली. मग चादर लागते. मग फोन लागतो, थरथरणारा.

"काकू, झोपमोड केली का?" पलीकडे गार्गी आहे. "ठरलं का काही?"

"ताप उतरत नाही," बाई म्हणतात. कवळी टेबलावरच्या वाटीत आहे, त्यामुळे शब्द बोबडे निघतात.

"काय? तुम्हाला बरं नाही का?"

"मी बरी आहे. कादंबरीत गं. ताप उतरत नाही. पहाटे ती जाते. पुढची पानं काढून टाक."

गार्गी अगदी हळू विचारते, "आणि धाकटी?"

"आहे ती. तिचं लग्न होतं. ते मी नव्याने लिहून देते. छापखान्याला सांग, थोडं थांबा म्हणावं."

फोन ठेवून त्या तशाच बसून राहतात. दारात दिनकरराव उभे आहेत, चष्मा कपाळावर चढवलेला.

"रडतेस कशाला? काय झालं?"

"ताई गेली हो," प्रमिलाबाई म्हणतात.

हे नाव या घरात कुणी काढत नाही. दिनकरराव 'कधीची गोष्ट' असं म्हणत नाहीत. ते येऊन खाटेच्या कडेला बसतात. मग प्रमिलाबाईंचे डोळे पुसायला त्यांचाच पदर हातात घेतात, आणि थांबतात.

"हे काय लागलंय?"

पदराचं टोक ओलं आहे, पीळ घातल्यासारखं चुरगळलेलं. त्यावर नारिंगी डाग, आणि डागाच्या मधोमध दातांच्या खुणा, दोन्ही बाजूंनी, स्पष्ट. दिनकरराव एकदा खुणांकडे बघतात, एकदा वाटीतल्या कवळीकडे.

प्रमिलाबाई त्यांच्या हातातून टोक काढून घेतात आणि लहान मुलासारखं तोंडात धरतात. अजून गोड लागतं.