परातीच्या बुडाची मोटार

मला पहिली कायमची नोकरी लागली ती वीतभरही लांब नसलेल्या एका पितळी चेसिसमुळे. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे आणि लोक हसत ऐकतात. त्या चेसिसचं पितळ कुठून आणलं, हे मात्र मी दोनदाच सांगितलं, आणि दोन्ही वेळा अर्धंच; उरलेलं कबूल करायला गेली दिवाळी यावी लागली. आता पन्नाशी आली. ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्यांच्याविषयी लिहायचं तर पुरं लिहायला हवं. नाहीतर आभार मानण्यातही लबाडी राहील.

पासष्ट साल असेल. पुसदला आमच्या घरी माय, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. भाऊ शेत पाहायचा आणि मी एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात विजेच्या मोटरींच्या वाइंडिंगचं काम करायचो. त्यांना सगळं गाव उस्ताद म्हणायचं. कापसाच्या जिनिंगमधल्या जळालेल्या मोटरी आमच्याकडे यायच्या. हंगाम संपला की काम संपायचं, आणि मी पुन्हा घरी बसायचो.

एका जिनच्या मालकांकडे मुंबईच्या पाहुण्यांनी एक परदेशी खेळ आणून दिला होता. लाकडी रस्ता, त्यात मधोमध एक खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या. खेळण्यातल्या मोटारीच्या नाकाखालची खुंटी त्या खाचेत बसायची, पट्ट्यांतून वीज घ्यायची आणि मोटार खाच धरून पळायची. हातातल्या खटक्यानं वेग कमीजास्त करायचा. मालकांचं वजन तीन मण तरी असेल, पण दुपारी व्हरांड्यात पालथे पडून ते ट्रकच्या बॅटरीवर ही मोटार पळवायचे. मे महिन्यात कुणीतरी ती खिडकीत ठेवली. तिचा खालचा प्लास्टिकचा सांगाडा पापडासारखा वाकला.

मालकांनी मला बोलावलं. "हे पाह्य, वरचं टपर ठीक हाय, आतली मोटर ठीक हाय. खालचं तेवढं धातूचं बनवून दे. चार दिवसांनी पाव्हणे येऊन राह्यले. जमलं तं जिनच्या इलेक्ट्रिक खात्यात तुले कायमचा लावून देतो."

कायमचा हा शब्द मी घरापर्यंत तोंडात घोळवत आलो.

पहिला सांगाडा तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा केला. सरळ रस्त्यावर छान पळाला, पण पहिल्याच वळणावर खाच सोडून भिंतीवर आदळला. उस्ताद म्हणाले, "अरे, पतंग बनाया क्या? उड़ेगी ही. नीचे वजन दे बेटा. पीतल ला, मोटा पीतल."

दुकानातल्या मोडीत पितळ होतं, पण पातळ आणि ठिगळाचं. वाकवायला गेलो की चिरायचं. पत्रा नागपूरहून मागवायचा तर आठ दिवस. माझ्या हातात तीन उरले होते.

आमच्या घरी फळीवर, वहिनीच्या पेटीच्या मागं, जुन्या लुगड्यात बांधून एक परात ठेवलेली होती. वहिनीच्या वडलांनी लग्नात दिलेली. बूड चांगलं जाड. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं वडलांचं नाव, गाव बोरी अरब आणि लग्नाची तिथी. लग्नानंतर वर्षभरातच ते वारले. वहिनी ती परात सणालाच काढायच्या.

घरात मायच्याही पराती होत्या, एक तर याहून जाड. पण मायची भांडी मोजलेली होती. दर अमावस्येला ती घासायला काढायची आणि घासता घासता मोजायची. वहिनीची भांडी कोण मोजतं? मी हा हिशेब केला. आणखी एक गोष्ट मनाच्या तळाशी होती, तीही लिहितो. सुनेचं भांडं हरवलं तर लोक आधी सुनेलाच विचारतील, हे मला ठाऊक होतं. माय दळणाला गेलेली पाहून मी लुगड्याची गाठ सोडली, परात पोत्यात घातली, लुगडं पुन्हा फळीवर ठेवलं आणि दुकानात नेली. उस्तादांना म्हणालो, घरची जुनी आहे.

काम मात्र मी जीव ओतून केलं, हे खोटं नाही. छिन्नीनं बूड कापून घेतलं. ते जरा खोलगट होतं म्हणून लाकडी हातोड्यानं ठोकून सपाट करायला लागलो. जितकं ठोकावं तितकं ते कडक होऊन उसळायचं. उस्तादांनी ते माझ्या हातातून काढून कोळशावर लाल केलं, गार होऊ दिलं आणि म्हणाले, "अब समझाके बोल. सुनेगी." मग ते पितळ खरंच कणकेसारखं ऐकायला लागलं. दोन बाजूंच्या दोन पट्ट्या, मध्ये मोटर बसायला वाकवलेली जागा, पुढे खुंटीसाठी एक जीभ, ती वरखाली हलेल अशी. चाकांसाठी सायकलच्या स्पोकचे आस. नवसागर लावून कोळशावर तापवलेल्या कैयानं कथील वितळवून जोडांना डाग दिले. चारी चाकं एकदम टेकतात की नाही ते आरशाच्या काचेवर ठेवून पाहायचं. एक चाक केसभर उचललेलं होतं. उस्तादांनी दोनदा डाग सोडवायला लावला, तिसऱ्यांदा मी कंटाळलो तर म्हणाले, "मालिक को नहीं दिखेगा. गाड़ी को दिखेगा."

नावाची अक्षरं मी घासून काढली नाहीत. घासलं असतं तर वजन गेलं असतं. ती मी खालच्या अंगाला येतील अशी ठेवली.

शेवटची कानस घरी ओट्यावर बसून मारत होतो. वहिनी पाणी घेऊन आल्या. "पाहू तरी," म्हणून त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि अंगठ्यानं अक्षरांवरून हळूहळू फिरवलं.

"मायले इचारलं का भाऊजी?"

"नाही."

"मंग सांगून द्या. मी काही म्हणत नाही."

"मालकांना देऊन येतो वहिनी. काम झालं की सांगतो."

त्यांनी ते पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. "नोकरी लागू द्या," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मोटार पळाली. वळणावर जमिनीला चिकटून गेली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मालक उठून बसले आणि मला म्हणाले, "एक तारखेपासून ये." त्यांनी शब्द पाळला. त्याच नोकरीवर माझं लग्न झालं, मुलं शिकली. त्या जाड्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही.

घरी सांगायचं आज नाही उद्या होत राहिलं. मग आषाढात आखाडीचा सण आला. मायनं मोठी परात काढायला सांगितली, वहिनीची. फळीवर नुसतं लुगडं निघालं.

आता मध्यंतरी असं झालं होतं की पेरणीच्या आधी वहिनीचा भाऊ बोरीहून दोन दिवस येऊन गेला होता. येताना पिशवीभर आंबे आणले होते, जाताना मायनंच त्याच पिशवीत तूरडाळ घालून दिली होती.

"आंबे आणले पिशवीत," माय म्हणाली, "अन् नेलं काय पिशवीत, ते कोण पाह्यलं?"

"माय, माहा भाऊ असा नाही वो."

"मंग परात काय पाय फुटून बोरीले गेली?"

मी तिथेच पाटावर बसलेला. पुढ्यात ताट. वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मी खाली बघून घास मोडला. नोकरी अजून नवी होती, मालकांच्या कानावर गेलं तर, असं काहीबाही मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

बोरीचा एक माणूस बाजारात भेटला, मायनं त्याला ऐकवलं. त्यानं तिकडे सांगितलं. वहिनीच्या भावाचा निरोप आला, "ज्या घरात मी चोर हाय, त्या घरचं पाणी मी पेत नाही. ताईले म्हणा, रडू नको."

तो आला नाही. दिवाळी आली, भाऊबीज आली, तो आला नाही. दुसरी गेली.

आमच्याकडे ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. तिसऱ्या वर्षी दिवे लागायच्या वेळी वहिनी ताट घेऊन अंगणात उभ्या होत्या. बीजेची कोर बारीक असते, लवकर बुडते, म्हणून त्या टाचा उंच करून कौलांच्या वर ती शोधत होत्या. शेजारची बाई कुंपणापलीकडून म्हणाली, "अवो, तुम्हाले तं भाऊ हाय नं? जिता भाऊ असून चांदाले काहून ओवाळता?"

वहिनी म्हणाल्या, "हाय नं. पण दूर राह्यते. चांद त्यालेबी दिसते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी बोरी अरबला गेलो.

तो शेतात कापूस वेचत होता. मला पाहून त्यानं कमरेला बांधलेली कापसाची ओटी सोडली नाही. मी बांधावर उभ्यानंच सांगितलं. परात मी नेली, मोडीतली समजून नेली. मोडीतली समजून, हे माझं तेव्हाचं अर्धं.

"माह्या बापाच्या परातीची मोटर केली तुम्ही?"

"हो."

"पयते का?"

"पळते."

"जोरात?"

"वळणावरसुद्धा पडत नाही."

तो हसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसला. "बापाले एसटीत बसाचंबी भेव वाटे. अन् त्याच्या नावाची मोटर!" मग गंभीर झाला. "मी येतो पाव्हणे. पण मले चोर तुम्ही नाही म्हणलं. ज्यानं म्हणलं त्यानं बोलवावं."

म्हणजे मायला सांगणं आलं. संध्याकाळी सांगितलं. तेच अर्धं. ती चुलीपुढे होती. भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलथली नाही.

"तीन वर्ष तू माह्या हातचं जेवला, अन् हे पोटात ठेवून बसला?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"अन् थे पोरगी तुह्याच ताटात वाढत राह्यली." ती वहिनीकडे वळली आणि करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली. सकाळी तिनं पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चाल. मले बोरीले घेऊन चाल." माझी माय कुणाच्या दारात चूक कबूल करायला गेलेली मी कधी पाहिली नव्हती. त्याच्या अंगणात उभी राहून तिनं सांगितलं, "पोरा, मी चुकली. तुयी बहीण वाट पाहून राह्यली."

"मावशी, बीज तं होऊन गेली."

"तिथी गेली तं गेली. आपून आज करू. मी सांगतो नं."

त्या वर्षी आमच्या घरी भाऊबीज चतुर्थीला झाली. मायनं स्वतः पाट मांडला. वहिनी ओवाळताना ताटातलं निरांजन दोनदा विझलं, दोन्ही वेळा मायनंच पेटवून दिलं.

मोडीतली समजून नेली, हे मात्र तसंच राहिलं. माय गेली, उस्ताद गेले, माझा भाऊही गेला. गेल्या दिवाळीत वहिनी एकट्या फराळाचे डबे भरत बसल्या होत्या तेव्हा मी त्यांना म्हणालो, "वहिनी, ती परात मोडीतली नव्हती. तुमची आहे हे पाहूनच मी नेली. मायची भांडी मोजलेली होती म्हणून."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "लुगड्यात बांधून होती थे. मोडीतलं भांडं कोणी लुगड्यात बांधते का भाऊजी?"

"तुम्हाला ठाऊक होतं? मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"माह्या भावाचं नाव साफ झालं, मले तेवढंच पायजे होतं. तुमचं कायले काळं करू?" आणि मग नेहमीच्याच आवाजात, "राग आलता. लय आलता. आता घड्याळ पाहा, गाडीची वेळ झाली. माहा भाऊ स्टँडवर येऊन उभा राहीन."

मी चपला घातल्या. मायनं पाट मांडला त्या वर्षापासून दर भाऊबीजेला त्याला एसटी स्टँडवरून घरी आणायचं काम माझ्याकडे आहे. मुलं म्हणतात, बाबा, आम्ही जातो. मी जाऊ देत नाही.