दोघांवर हळदकुंकू, तिसऱ्यावर नुसती हळद

साल २००३, दिवाळी नुकतीच सरलेली, सोमवारची सकाळ. रक्कम तेरा हजार पाचशे रुपये. हजर माणसे: मी, माझा हवालदार, दोन पंच, सॉफ्टवेअर कंपनीचा मुंबईहून आलेला तपासनीस, आणि घरमालक म्हणून गणिताचे एक शिक्षक व त्यांची पत्नी. पंचनाम्यात एवढेच लिहिले गेले. त्या सकाळी एका सरळ माणसाचा चेहरा कसा उतरला, याला पंचनाम्यात रकाना नसतो. म्हणून इतक्या वर्षांनी ते इथे लिहितो आहे.

मी तेव्हा रत्नागिरीत सहायक पोलीस निरीक्षक होतो. बेकायदा कॉप्या घातलेले कॉम्प्युटर शोधायला कंपनीचा तो तपासनीस शहरात आला होता आणि आम्ही त्याला बंदोबस्त देत होतो. गावात बातमी फिरलीच. ठाणे अंमलदाराने सकाळी आलेला एक फोन मला जोडून दिला. पलीकडचा माणूस नाव सांगेना. म्हणाला, "साहेब, दुकानं कसली तपासताय? त्या मास्तरांच्या घरी जा. तीन तीन कॉम्प्युटर आहेत. जगाला कायदा शिकवतात, त्यांच्याकडचं बघा एकदा."

खबर द्वेषाने दिलेली आहे हे आवाजावरूनच कळत होते. पण द्वेषाने दिलेली खबर खोटीच असते असे नाही. स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघालो.

सरांचे घर मांडवीच्या बाजूला होते. दोन मुली कॉम्प्युटर शिकत होत्या आणि पत्नी घरी बसून लग्नपत्रिका व शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देत असत. तिन्ही मशिनींना सरांनी ऑपरेटिंग सिस्टिमचे अधिकृत लायसन्स घेतले होते, एकेकाचे साडेचार हजार. त्या काळी गावात हा चेष्टेचा विषय होता. तीच सीडी कोणीही पन्नास रुपयांत घालून देत असे.

आम्हाला दारात पाहून सर घाबरले नाहीत. उलट खूश झाले.

"या, या! बरं झालं आलात. आता लोकांची तोंडं बंद होतील. ही बघा, तिन्ही कॅबिनेटवर लायसन्सचे स्टिकर आहेत."

तपासनीसाने खिशातून भिंग काढले. पहिला स्टिकर पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "खऱ्या स्टिकरच्या कागदात चमकता धागा विणलेला असतो. इथे तो नुसता छापलाय. तिन्ही नकली."

सर खुर्चीवर बसले. एकच वाक्य बोलले, "पण मी पैसे भरलेत हो."

ते पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापक होणार होते. गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला असता तर निलंबन ठरलेले, आणि मुख्याध्यापकपद कायमचे गेले असते. फोन करणारा कोण ते कधीच कळले नाही, पण त्याला बहुधा तेच हवे होते.

सरांना लायसन्स विकणाऱ्या दुकानदाराला ठाण्यात बोलावले. चांगला चालणारा धंदा, कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. लायसन्स विकल्याचे त्याने नाकारले नाही. नाकारता येतही नव्हते, सरांकडे पक्की बिले होती.

"मी खरीच दिली, साहेब. सरांनी ती कोणाला तरी विकली आणि हे नकली चिकटवले. मास्तर झाला म्हणून मोह सुटतो काय?"

सर बाहेर बाकावर होते. त्यांनी ते ऐकले आणि मान खाली घातली. त्यांच्या पत्नी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

"ऐकलंत? वर आमच्यावरच उलटतोय! दसऱ्यानंतर वीज पडली, फोनच्या वायरीतून तिन्ही मशिनी जळल्या, म्हणून याच्याकडे दुरुस्तीला दिल्या. आठ दिवस ठेवून घेतलान. आणि परत देताना माझं पूजेचं हळदकुंकूसुद्धा पुसून टाकलान मेल्यानं!"

"वहिनी, आता हळदकुंकवाचं राहू द्या," हवालदार म्हणाला. मीही तेव्हा त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. सरांना मी विचारले, की स्टिकरवरचे आकडे कुठे टिपून ठेवलेत का. ते म्हणाले, "आकडा वस्तूवरच छापलेला आहे. तो आणखी कशाला लिहायचा?" गणिताच्या माणसाचे हे उत्तर चुकीचे नव्हते, पण आमच्या उपयोगाचे नव्हते.

चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझी रीत वेगळी होती. माणसाला त्याच्या धंद्याबद्दल बोलू द्यावे. जो तो आपल्या हुशारीबद्दल बोलताना सावधपणा विसरतो. मी चहा मागवला आणि विचारले, "मशिनी आठ दिवस तुमच्याकडे होत्या. तुमच्याच कारागिराने स्टिकर काढले नसतील कशावरून?"

तो हसला. "साहेब, तुम्हाला यातलं माहीत नाही. तो स्टिकर निघत नाही. नखाने उचलायला गेलात की चिंध्या होतात."

"ब्लेडने?"

"ब्लेडने नाही, गरम हवेने नाही. सगळं करून बघितलंय मी."

"म्हणजे कोणालाच काढता येणार नाही?"

"अहो, कंपनीच्या बापालाही नाही!"

"मग सरांनी कसे काढले?"

त्याचा कप तोंडाजवळ थांबला तो थांबलाच.

तेवढ्यात मला बाईंचे बोलणे आठवले. स्टिकर निघत नसेल तर तो काढलेला नाही. मग गेले काय? अख्खे कॅबिनेट गेले. आतले सामान नव्या कॅबिनेटमध्ये भरायचे, त्यावर नकली स्टिकर लावून ते सरांना द्यायचे, आणि खऱ्या स्टिकरचे जुने कॅबिनेट कोणाला तरी लायसन्ससह नवे मशीन म्हणून विकायचे. कॅबिनेट सगळी एकाच बनावटीची, कोणाला काय कळणार? आणि हळदकुंकू कोणी पुसलेच नव्हते. ते त्या कॅबिनेटबरोबर गेले होते.

मी बाईंना आत बोलावले. "वहिनी, हळदकुंकू नेमकं कुठे लावलं होतंत?"

"स्टिकरवरच! हे म्हणाले, पैसे या कागदाचे पडलेत. म्हटलं, मग पूजा पण त्याचीच करूया."

"तिन्हींवर?"

"हळद तिन्हींवर. कुंकू दोघांवरच. तिसऱ्याच्या वेळी करंड्यात कुंकू संपलं. हे म्हणाले, शेजारून आणूया. म्हटलं, नको, मशीन काय रुसणार आहे?"

हा जबाब मी दोन पंचांसमोर शब्द न् शब्द लिहून घेतला. सह्या झाल्यावरच दुकानदाराकडे वळलो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्याच्या तोंडून काही निघण्याआधी बाईंचे बोलणे कागदावर यायला हवे होते. जबाब ऐकून दुकानदाराने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसले आणि मशिनी कुठे आहेत ते सांगितले. खेडला, एस.टी. स्टँडजवळ.

दुसऱ्या दिवशी पंच, तपासनीस आणि दुकानदार यांना घेऊन खेड गाठले. तिथे एका गृहस्थाने दिवाळीच्या पाडव्याला इंटरनेटचे दुकान उघडले होते. तीन मशिनी, तिन्ही आमच्याच आरोपीकडून घेतलेल्या. आम्ही त्या भिंतीपासून पुढे ओढल्या.

दोन स्टिकरवर हळद आणि कुंकू. तिसऱ्यावर नुसती हळद.

पंचांपैकी एक पोस्टातले कारकून होते. ते जबाबाकडे पाहात, पुन्हा स्टिकरकडे पाहात आणि मान हलवत. तपासनीसाने भिंग लावले. धागा विणलेला होता, तिन्ही खरे. हळद कागदात इतकी मुरली होती की पुसायला गेले असते तर आकडेही गेले असते. म्हणूनच ती राहिली.

"तुम्ही विचारलं नाहीत, नव्या मशीनला हळद कशी?" मी त्या गृहस्थाला म्हटले.

"विचारलं की! मला सांगितलान, आमच्या दुकानातून पूजा केल्याशिवाय मशीन बाहेर जात नाही. मी पण हात जोडले हो, माणूस श्रद्धाळू आहे म्हणून!" एवढे बोलून तो दुकानदाराकडे वळला. "आता परत जोडतो, कोपरापासून!"

हवालदार कॅबिनेट जीपमध्ये चढवताना म्हणाला, "साहेब, मुद्देमालाला हळद लागली. आता लग्न तेवढं राहिलं."

त्या संध्याकाळी मी स्वतः सरांच्या घरी गेलो. त्यांना म्हटले, "तुमच्यावर काही नाही. तुम्ही फिर्यादी." सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. बाईंनी मात्र आधी करंडा आणून दाखवला. काठोकाठ भरलेला. "आता संपायचं नाही," त्या म्हणाल्या.

फसवणूक आणि विश्वासघाताच्या कलमांखाली दोषारोपपत्र गेले. बाईंच्या साक्षीत आरोपीच्या वकिलांनी विचारले, हळदकुंकू घरोघर लावतात, तुमचेच कशावरून? बाई म्हणाल्या, "घरोघर लावतात, पण तिसऱ्याला संपलेलं कुठे असतं?" कोर्टात हशा पिकला, आणि वकील खाली बसले. आरोपीला शिक्षा लागली. तोवर सर मुख्याध्यापक झालेले होते.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. खोटे बोलणारा समोरच्या प्रश्नापुरते उत्तर देतो, म्हणून त्याची दोन उत्तरे शेजारी ठेवली की एकमेकांना खातात. आणि ठाण्यात येणाऱ्या माणसाचे कुठलेही गाऱ्हाणे क्षुल्लक समजू नये. बाई रागावून जे बोलल्या, तोच माझा सर्वांत भक्कम पुरावा निघाला.

कोर्टाच्या हुकमाने दुकानदाराने खेडच्या गृहस्थाला लायसन्सचे तेरा हजार पाचशे रुपये भरपाई दिली. हळद लागलेली कॅबिनेट सरांना परत मिळाली. हे सगळे आटोपून आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात आलो, तोच सरांनी जामिनावर असलेल्या दुकानदाराला हाक मारली आणि खिशातून पाकीट काढले.

"वीज पडली तेव्हाच्या दुरुस्तीचे साडेसहाशे द्यायचे राहिलेत."

"अहो, त्याला कसले देताय?" बाई म्हणाल्या.

"काम केलंय त्याने. मशिनी चालतायत."

दुकानदार इकडे तिकडे बघत पुटपुटला, "राहू द्या, सर."

"राहू कसं देऊ?" सरांनी नोटा त्याच्या हातावर मोजल्या. सहाशे पन्नास. "आणि पावती पक्की हवी."