घाण्याच्या तेलातला पलंग

मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्या रहिमतपूरकडच्या गावात फौजेतून परत आलेला कुणीही मेजरच असतो. शिपाई असला तरी मेजर, सुभेदार असला तरी मेजर. चोवीस वर्षं दुसऱ्याचे हुकूम ऐकलेल्या माणसाला असं आयतं प्रमोशन मिळालं की डोकं थोडं फिरतंच. माझं जरा जास्त फिरलं. घरात काही घ्यायचं असलं की मी एकटा ठरवतो आणि चुकलं की दोष सगळ्यांत वाटून टाकतो, असं बायको म्हणते. ती म्हणते ते खोटं नाही, पण तिच्यासमोर मी ते कधी कबूल केलेलं नाही.

आमची एकुलती एक लेक विट्याला दिली. दिली विट्याला, पण नांदते लांब दक्षिणेत. विट्याकडची कितीतरी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. जावयाचंही तिकडं गलाईचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. खाली ॲसिडात सोनं शुद्ध करायचं आणि त्याची वाफ जिन्यानं वर यायची. लग्नानंतर वर्षभरात पोरीला खोकला लागला. मग तिला दिवस राहिले तसा तो वाढला आणि तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं की हिला मोकळ्या हवेत न्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडं रीतच आहे, त्या रीतीवर आता डॉक्टरचीही सही झाली. सातवा लागला की ती येणार होती. मी बायकोला म्हणालो, अगं, हवाच हवी ना, हवेशिवाय आपल्याकडं दुसरं आहेच काय.

हवा फुकट होती म्हणून मी सगळा जोर फर्निचरवर लावला. सांगलीच्या एका मोठ्या दुकानातून पलंग, कपाट आणि ड्रेसिंग टेबल असा पांढराशुभ्र सेट पसंत केला. हे कुठलं लाकूड म्हणून विचारलं तर विकणारा म्हणाला, इंजिनिअर्ड वूड. मला वाटलं, म्हणजे इंजिनिअरनं तपासून पास केलेलं असणार. वासाचं विचारलं तर म्हणाला, तो नवेपणाचा वास, आठ दिवसांत जातो. टेम्पो गावात आला तेव्हा मी मुद्दाम पारावरून फिरवून आणायला लावला. सामान खोलीत लागलं. वरचं प्लास्टिक मी काढू दिलं नाही, मळेल म्हणून. ऊसतोड चालू होती, पाचट पेटवलं की काळी काजळी उडत घरात येते, म्हणून खिडक्याही गच्च लावून घेतल्या. खोली झाडून बाहेर आलेली बायको म्हणाली, "आवं, डोळं चुरचुरत्यात त्या खोलीत." मी तिला कांदा कमी चिरत जा असं सांगितलं.

लेक आली. दुपारी जेवण झाल्यावर मोठ्या कौतुकानं मी तिला त्या खोलीत नेऊन सोडलं आणि दार ओढून घेतलं, झोपमोड नको म्हणून. अर्ध्या तासात ती भिंत धरत बाहेर आली. डोळे लाल, श्वासाची शिट्टी वाजत होती. मला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं रडतीये. मी तिची समजूत घालायला लागलो तर बायकोनं मला हातानं बाजूला सारलं आणि पोरीला ओट्यावर वाऱ्याला बसवलं. तिकडं खोकत होती तेव्हा निदान शिट्टी वाजत नव्हती. माझ्या घरात येऊन पोरीची तब्येत आणखी बिघडली, हे मला काही केल्या गिळता येईना.

रहिमतपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध दिलं आणि विचारलं की घरात नवीन काय आणलंय. मी अभिमानानं यादी सांगितली. त्या म्हणाल्या, हे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेलं बोर्ड असतं, त्या गोंदातून वायू सुटत राहतो, त्यात तुम्ही खोली बंद ठेवली, आधी ते सामान बाहेर काढा. मी वाद घातला. एवढं मोठं दुकान, एवढा नामांकित माल. बाई शांतपणे म्हणाल्या, तुम्ही झोपता का त्यावर? नाही ना, मग आज दुपारी झोपून बघा.

झोपलो. फौजेत आम्हाला धुराच्या खोलीत उभं करायचे, पण तिथं तोंडाला मास्क असायचा. इथं वीस मिनिटांत नाकाडोळ्यांना धार लागली. तरीही बाहेर येऊन मी म्हणालो, काही विशेष नाही, जरा सर्दी झालीये. बायकोनं टॉवेल दिला. संध्याकाळपर्यंत तो सेट मळ्यातल्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गेला. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पारावरून मिरवत आणलेलं सामान पारावरूनच मळ्याकडं गेलं आणि सगळ्या गावानं बघितलं.

इथून पुढं मी सुधारलो असं कुणाला वाटेल. तसलं काही झालं नाही. मी उलट्या बाजूनं बिघडलो. वास हा माझा शत्रू झाला. कुणाच्या घरी गेलो की खुर्ची उलटी करून हुंगायचो. शेजारच्या लग्नात नवरीला दिलेल्या कपाटात डोकं घालून उभा राहिलो तर नवरीच्या मामाला वाटलं, मी आहेर चाचपतोय. त्यांनी मला बखोटीला धरून पंगतीत नेऊन बसवलं. बायको म्हणाली, "कुत्र्यावानी हुंगत फिरू नगा, लोक हसत्यात." मी म्हणालो, हसू देत, पोरीच्या श्वासाचा प्रश्न आहे. प्रश्न खरा होता, पण तो कपाट हुंगून सुटणार नव्हता, हेही तितकंच खरं.

गावातल्या म्हाताऱ्या सुताराला मी बोलावलं. बांधावरची बाभळ तोडून पलंग कर म्हणालो तर त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, बाभळीकडं बघितलं. ओलं लाकूड वाकतं, चिरतं, त्याला आधी मुरवावं लागतं, तवर तुमचं नातवंड शाळेत जाईल, असं त्याचं म्हणणं पडलं. मग त्यानंच तोड काढली. औंधला एक जुनं घर पाडत होते, तिथले सागवानी वासे त्यानं निवडून आणले. लाकडानं जेवढं वाकायचं तेवढं कधीच वाकून घेतलेलं होतं. आठवड्यात त्यानं पलंग उभा केला, खाचा पाडून, लाकडाच्याच खुंट्या ठोकून, गोंदाचा थेंब न लावता. वरून सुती नवार विणली. जाताना सांगून गेला की जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, फडक्यानं कोरडं पुसा आणि उन्हात वाळवा.

जवसाचं तेल आणायला मी रंगाच्या दुकानात गेलो. डब्यावर छापलेलं, हातमोजे घाला, लहान मुलांपासून लांब ठेवा. मी डबा तसाच परत ठेवला. लहान मुलांपासून लांब ठेवायची वस्तू लहान मूल जिथं निजणार तिथं लावायची? एवढा मी मूर्ख नव्हतो. त्यापेक्षा मोठा होतो, हे नंतर कळलं. घरात लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल होतं, स्वतःच्या रानातल्या शेंगांचं, वर्षाचं भरून ठेवलेलं. जे पोटाला चालतं ते पाठीखाली का चालू नये? तालमीत पैलवानाला चोळतात तसा मी पलंग चोळला. एक हात, दोन हात, तीन हात. पुसायचं काही कारण नव्हतं, चांगलं तेल पुसून कोण वाया घालवतं?

दोन दिवसांनी हात लावून बघितला. चिकट. चार दिवसांनी आणखी चिकट. नवार तेल पिऊन पिवळी पडली आणि चादर टाकली तर तिच्यावर पलंगाचा नकाशा उमटला. शेजारणीचं मांजर रोज येऊन डावा पाय चाटून जायचं. मग मुंग्या आल्या, रांगेनं, पंगतीला आल्यागत. वर जुन्या तेलाचा खवट वास सुटला. एवढा खटाटोप कशासाठी, तर वास नको म्हणून. सुतार बघायला आला आणि पलंगाभोवती एक फेरी मारून मला म्हणाला, "मेजर, पलंग करायचा हाय का भजी तळायची हायत?"

लेक हसून हसून बेजार झाली, आणि हसता हसता तिला ढास लागली. ती थांबेपर्यंत बायको आणि मी नुसते उभे. इतके दिवस ती बाहेरच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून निजत होती. आठवा लागला होता. उठताना आधी कुशीवर व्हायची, मग गुडघा टेकायची, मग भिंत धरायची. तक्रार एकदाही केली नाही. त्या दिवशी मी हात द्यायला गेलो तर म्हणाली, "पप्पा, मला जमतं. तुम्ही फक्त आता नवीन काही आणू नका." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडला असता, मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो असतो. पोरीला माझ्या हौसेची भीती वाटायला लागली होती.

अशा गोष्टी विट्याला पोचायला वेळ लागत नाही. विहीणबाईंचा बायकोला फोन आला, मी शेजारी कान लावून होतो. त्या हल्ली धाकट्या मुलाकडं विट्यातच राहतात. मधे मधे खोकत त्या बोलत होत्या, तो खोकला त्यांच्या बोलण्यातलाच एक भाग झालेला. त्यांची तीस वर्षंही दुकानाच्या वरच्याच घरात गेलेली. त्या म्हणाल्या, गरोदर पोरीला भुईवर निजवताय, रविवारी ल्योक येतोय तिकडनं, आम्ही येऊन तिला घेऊन जातो, बाळंतपण विट्याला करू. बायकोनं फोन ठेवला आणि लेकीची बॅग खाली काढली. न भांडता ती कामाला लागली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं मला इतक्या वर्षांत कळलेलं आहे. पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक माहेरातून परत नेली तर गाव काय म्हणेल, हे माझ्या मनात आलंच. पण तिथून ती नवऱ्याबरोबर थेट त्या वरच्या घरी जाणार नाही याची खात्री काय, हे त्याच्या मागोमाग आलं आणि तेच बसून राहिलं.

रविवारला आठ दिवस होते. मी सुताराच्या घरी गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतलं. नवार सोडली. रिठ्याचं कडकडीत पाणी करून बायको आणि मी अंगणात पलंग घासला, तीन वेळा. ती घासत होती आणि माझ्या लग्नापासूनच्या चुका क्रमानं सांगत होती. मी हूं हूं करत होतो. उन्हात वाळवला. मग घाणेवाल्याकडूनच जवसाचं तेल काढून घेतलं. चटणीत घालतो त्याच जवसाचं हे तेल, घाण्यावर काढलं तर खायलाही चालतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी कुणाला विचारलं नव्हतं. बोटभर फडक्यानं पातळ हात दिला, कोरडा पुसला, पुन्हा ऊन दिलं. नवी नवार भरली. पिंजाऱ्याकडून कापसाची गादी भरून आणली. शनिवारी मी पलंगाला हात लावला आणि हात कोरडा आला. नाक मात्र लावलं नाही. लेकीला म्हणालो, तू बघ बाई, माझ्या नाकावर माझा भरवसा राहिलेला नाही. तिनं वाकून वास घेतला आणि स्वतःची उशी आणून त्यावर ठेवली.

रविवारी विहीणबाई आणि जावई आले. लेकीची बॅग भरून दारात ठेवलेली होती. मी भाषण पाठ करून बसलेलो, हवा, जुनं सागवान, रीत, सगळं. चहा झाला आणि विहीणबाई म्हणाल्या, आधी खोली दावा. बायकोनं खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या. विहीणबाईंनी पलंग हलवून बघितला, गादी दाबली, बसल्या. मग म्हणाल्या, जरा पाठ टेकते, गाडीत हाडं खिळखिळी झाली. आणि टेकल्या त्या झोपल्या.

आम्ही जेवायचे थांबलो. तासानं जावई उठवायला गेला तो दारातच उभा राहिला. बराच वेळ हलेना तेव्हा मला वाटलं, बाईंना काही झालं की काय. मी धावत त्याच्या मागं गेलो. त्यानं मला हातानं गप्प केलं. विहीणबाई एका कुशीवर, तोंड खिडकीकडं करून, शांत झोपलेल्या होत्या. जावई हळू आवाजात म्हणाला, "मामा, मी जन्मापासून आईला बघतोय. न खोकता झोपलेली आज पहिल्यांदा बघितली."

माझं भाषण मी गिळलं. त्यानं दारातली बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग बायकोला आणि लेकीला जवळ बोलावून म्हणाला, हिला मी नेत नाही, आणि बाळ झाल्यावर दुकानाच्या वर ठेवणार नाही, दुसरीकडं घर बघतो, लांब पडलं तरी चालेल. पोरीनं पदर तोंडाला लावला. मीही तिथं उभ्या उभ्या रडलो, आणि लपवलं नाही.

दोन तासांनी विहीणबाई उठल्या. उठवलं का नाही म्हणून आधी रागावल्या, मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. मग सुनेला जवळ बसवलं, तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माज्या येळंला आसं कोन म्हणलं न्हाई." त्या कुणावर रुसल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. मग अजून जरा पडते म्हणाल्या आणि खिडकीकडं तोंड करून पुन्हा आडव्या झाल्या.