कुंपणावरच्या झोळ्या

चऱ्होलीत आमच्या सोसायटीसमोर शाळा आहे. तिथे ती रोज दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. लातूरकडची म्हातारी, दातांना मिश्री. शेजारच्या बांधकामावर आईबाप कामाला गेले की तान्ही भावंडं सांभाळायला थोरल्या पोरी घरीच राहायच्या. हिने ती लेकरं स्वतःकडे घेतली आणि पोरींना शाळेत पिटाळलं. आमच्याच कुंपणाला लुगड्याच्या झोळ्या बांधून ती झोके देत बसायची. मधल्या सुट्टीत एखादी पोर भावाला बघायला आली की म्हणायची, "हाय की मी. जा, तास बुडंल."

एका सकाळी आमचे सेक्रेटरी खाली उतरले. "मावशी, झोळ्या काढा. रडण्याचा त्रास होतो लोकांना."

तिचा झोका थांबला नाही.

"लेकरू रडलं की तुमाला ऐकू येतंय, साहेब. त्याच्या बहिणीची शाळा बुडत व्हती, तवा कुणाला आलं न्हाई ऐकू."

सेक्रेटरींनी चिडून आमच्या वॉचमनला झोळ्या सोडायला लावल्या. त्याने मान खाली घालून सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या झोळ्या परत जागेवर होत्या, शिवाय एक नवी. तिची गाठ वॉचमनच आवळत होता. शेजारी त्याची थोरली दप्तर घेऊन उभी होती.