दुसऱ्याच्या बांधीत उतरायची मुभा

ये वो बाई, इथं माझ्याजवळ बस. बैहर काय सातासमुद्रापार आहे? सकाळची बस धरली का जेवणाच्या वेळेले बालाघाटात, अन् तू पोळ्यापासून तोंड नाही दाखवलं. सख्ख्या बहिणीची लेक माझी. आली ती आली, अन् चार बायांत म्हणते, मावशीचं नशीब भारी, पोरगी परदेशात नर्स आहे. ते नशीब कसं आहे ते आयकून जा आता.

आधी तुह्या आजीचं सांगते. माय आमची लामता गावाले रोवण्याच्या टोळीत होती. धानाचा रोवणा म्हणजे दिवसभर चिखलात वाकून राहणं. एका वर्षी एक बाई बांधावर लेकराले पाजत बसली, तं मालकीण तिले नको ते बोलली. टोळी भांडली नाही. दिवस भरला, पाय धुतले, घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्याच्या सगळ्या शेजारच्या मालकाच्या बांधीत, त्याच्या धानाच्या वावरात, उतरल्या. इकडं रोवायले उपटलेले परहे, धानाची रोपं, बांधावर सुकून राह्यले. संध्याकाळी मालक आमच्या अंगणात येऊन उभा. माय म्हणाली, "मालकिणीले पाठवा." अन् मालकीण आली. ही गोष्ट मी माझ्या पोरीले घास भरवता भरवता सांगत होती.

तीच पोरगी नर्सिंग शिकली, गोंदियाच्या दवाखान्यात राह्यली, अन् एजंटाच्या हातून तिकडच्या म्हाताऱ्यांच्या सेवाघरात लागली. मालकानं बोलावलं म्हणून व्हिसा भेटला. पण तो व्हिसा त्या एका मालकालेच बांधलेला. त्याची नोकरी सोडली का देशही सोडा. एजंटानं हे कधी धड सांगितलंच नाही. जायच्या आधी फोनवर मालक दिसला, तं तुह्या मावसाजीनं हात जोडले अन् म्हणाले, आता पोरगी तुमची, चुकली तर रागवा. आपल्याकडं लेकरू कामाले लावताना बाप म्हणतेच ना असं. तिथल्या एका हिंदीवाल्यानं ते मालकाले समजावून सांगितलं.

मग काय. शिकलेल्या नर्सेले फरशी पुसायले लावे. सुट्टीच्या दिवशी सोताच्या घरी भांडे घासायले बोलावे. तिनं तोंड उघडलं का म्हणे, तुझ्या बापानंच सांगितलं होतं रागवा म्हणून.

मी फोनवर पेटली. काहून सहन करते, उद्यापासून दुसऱ्या दवाखान्यात जा म्हटलं. ती हळूच म्हणाली, "आई, इथं दुसऱ्याच्या बांधीत नाही उतरता येत."

त्या दिवसापासून माझं डोकं तापलेलंच आहे. मालक वाईट निघतात, लामत्यालेही निघत होते. मले राग येते तो हा कायदा लिहिणाऱ्याचा. तुमचे म्हातारे उचलायले, धुवायले माणूस पाहिजे, त्याच्यासाठी हजार कोसावरून पोरगी नेता, अन् तिले एका खुंट्याले बांधता? जनावराले तरी दावं लांब ठेवतात.

आता तिकडं कायदा सुधारला म्हणे. नोकरी सोडली तरी काही महिने राहून दुसरा मालक शोधता येते. टीव्हीवर मोठं कौतुक चाललं होतं, मी बंदच केला. माझ्या अंगठेबहाद्दर मायजवळ जे फुकट होतं, ते हे मेहेरबानी म्हणून देऊन राह्यले, तेही मोजून.

तरी पोरगी निघाली. त्या दिवशीही तिनं दिवस भरला, म्हाताऱ्यांच्या गोळ्या दिल्या, हात धुतले अन् बाहेर पडली. एका ठिकाणी तिले हौ म्हटलं आहे, पण त्या नव्या मालकाले सरकारची मंजुरी यायची आहे. तोवर देशाबाहेर पाय टाकला तं परत घेतील का नाही, पक्कं कोणी सांगत नाही. म्हणून मावसाजीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी ती येऊ शकली नाही. अन् हे तिच्याशी बोलतच नाहीत. फोन वाजला का माझ्या हातात देतात अन् अंगणात जाऊन उभे राहतात. 'रागवा' मीच म्हटलं, आता कोणत्या तोंडानं बोलू, म्हणतात.

तुले तं बैहरहून निघायले कोणाची मंजुरी लागत नाही ना? मग आज परतीच्या बसनं चालली तरी दिवाळीची वाट नको पाहू. येत्या आठवड्यात ये, मुक्कामाले ये. तिचा फोन लावू, अन् तो तूच मावसाजीच्या हातात दे. तुले ते नाही म्हणणार नाहीत. लवकर ये बाई.