सात मिलिमीटर

बिल्डर आणि आर्किटेक्ट मंडळींत ते मिलिमीटरकाका म्हणूनच ओळखले जातात. इमारत उभी राहण्याआधी तिची छोटी प्रतिकृती करायची, हा त्यांचा अडतीस वर्षांचा धंदा. नकाशातली चूक अनेकदा पहिल्यांदा त्यांच्याच टेबलावर पकडली जाई. एकदा एका सोळा मजली इमारतीचा जिना त्यांनी अकराव्या मजल्यावर थांबवला आणि आर्किटेक्टबाईंना फोन लावला, "इथून पुढे लोकांनी उडत जायचं का?" बाईंनी नकाशा काढून पाहिला. जिना खरंच तिथे तुळईत घुसत होता. तेव्हापासून बाई कुठलाही नकाशा आधी काकांकडे पाठवू लागल्या.

या मॉडेलांतली झाडं काकू करायच्या. वाळक्या काड्यांना डिंक लावायचा, रंगवलेल्या स्पंजाच्या चुऱ्यात घोळवायचं, झालं झाड. "ह्यांच्या इमारतीत कुणी राहायला येवो न येवो, माझ्या झाडाखाली बसायला नक्की येईल," असं त्या आल्यागेल्याला सांगत. काका मान वर न करता म्हणत, "झाड दोन मजले उंच झालंय." "वाढतं आहे ते," काकू म्हणत.

दोघं दोन मुलखांतली. काकांचं घर सपाटीवरचं: जाड मातीच्या भिंती, वर धाब्याचं सपाट छप्पर, मध्ये अंगण, आणि रस्त्याच्या बाजूला एकही खिडकी नाही. काकूंचं डोंगरातलं: दगडी जोत्यावर लाकडी घर, उभं उतरतं छप्पर, दरीकडे ओळीने खिडक्या. लग्नाला दोन्हीकडून नाकं मुरडली गेली. काकांच्या आईने "उघड्या घरातली मुलगी" म्हटलं, तिकडच्यांनी "पेटीत राहणारी माणसं" म्हटलं. त्यावर या दोघांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं, बांधू तर दोन्ही घरं जोडून बांधू. अंगण काकांचं, खिडक्या काकूंच्या.

बांधणं काही झालं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आयुष्य गेलं. एकीत संसार, दुसरीत कारखाना. काकांनी लोकांची चारेकशे घरं केली आणि स्वतःच्या घराची पहिली रेघसुद्धा मारली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसा.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी काकूंच्या बाबतीत दोन महिन्यांची मुदत सांगितली. काकूंनी रडणंबिडणं एका दुपारीत आटोपलं आणि म्हणाल्या, "आता पुठ्ठ्याचं तरी बांधा. डोळ्यांनी बघून जाईन."

काकांनी हातातली सगळी कामं परत केली. त्यांच्या सपाटीवरच्या घराची मापं तयार होती. ते घर विकलं जाण्याआधी, विशीत असताना, त्यांनी टेप लावून भिंत न् भिंत उतरवून घेतली होती. काकूंच्या घराचं मात्र काहीच नव्हतं. त्या सात वर्षांच्या असताना दरड कोसळून अख्खी वस्ती गेली होती. माणसं वाचली, घरं गेली. फोटो नाही, कागद नाही.

"आठवतं तसं सांग," काका म्हणाले.

"खिडकीची कड हनुवटीला लागायची. मी हनुवटी टेकवून दरी बघायची."

काकांनी त्यांना धरून उठवलं, दाराच्या चौकटीला उभं केलं आणि हनुवटीच्या रेषेत पेन्सिलीने खूण केली. एकशे पस्तीस सेंटिमीटर. एकास पन्नास प्रमाणात सत्तावीस मिलिमीटर.

"पायऱ्या?"

"गुडघ्याएवढ्या. चढताना हात टेकायला लागायचा."

"असल्या पायऱ्या कोण बांधतं?"

"आमच्या डोंगरातली माणसं उंच असतात," काकू म्हणाल्या, "तुमच्यासारखी नाही."

काका त्यांच्यापेक्षा बोटभर बुटकेच. ते हसले आणि पायरीचं माप लिहून घेतलं.

दोन्ही घरं शेजारी लावली तेव्हा काकूंची बाजू फारच वर निघाली. छपराची कड काकांच्या धाब्याला कुठे भेटेच ना. काकांनी पाच दिवस डोकं खाजवलं. शेवटी मध्ये पायऱ्यांची एक रांग घातली, दोन छपरांच्या सांध्यात पन्हळ बसवली, आणि वरचं पाणी खाली अंगणात उतरवलं. काड्यापेटीच्या काड्या तासून छपराच्या पट्ट्या केल्या. सतराव्या दिवशी मॉडेल काकूंच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवलं, बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत.

काकूंनी दरीकडच्या खिडक्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाल्या, "हो. हेच."

पुढचा आठवडा त्या त्याच कुशीवर झोपून होत्या. नर्सने कूस बदलायला सांगितली तर म्हणत, "तिकडे काय आहे बघायला? कपाट?"

मग काकूंच्या थोरल्या बहिणीचं येणं झालं. दरड पडली तेव्हा ताई पंधरा वर्षांच्या होत्या. त्यांनी मॉडेल पाहिलं, कौतुक केलं आणि काकांना कारखान्याच्या खोलीत नेलं.

"भावोजी, सुंदर झालंय. पण आमचं घर एवढं कुठे होतं? खिडकी माझ्या कमरेच्या जरा वर यायची. पायऱ्या तर मी पळत चढायची."

"ती म्हणाली, हनुवटीला लागायची."

"अहो, सात वर्षांची होती ती!"

काका खुर्चीवर बसले. म्हाताऱ्या बाईच्या हनुवटीचं माप त्यांनी लहान मुलीच्या खिडकीला दिलं होतं. कागदावर आकडेमोड केली. वीस मिलिमीटर हवे होते. सात जास्त झाले होते. सगळं घर त्याच हिशेबाने फुगलं होतं. म्हणूनच ते जुळत नव्हतं.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "तिला आवडलंय ना?"

"चूक कळल्यावर कशी ठेवू?"

त्यांनी स्टुलावरून मॉडेल उचललं तेव्हा काकू जाग्या झाल्या.

"कुठे नेताय?"

"जरा सांधा उसवलाय. चार दिवसांत आणतो."

"राहू द्या हो. दिसतंय तेवढं पुरे मला."

"चारच दिवस," काका म्हणाले आणि घेऊन गेले.

कटरने त्यांनी काकूंची बाजू अलगद सोडवली. भिंती एका ट्रेमध्ये, छप्पर दुसऱ्यात. नव्या मापाने कापायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी दिसलं की दोन्ही घरं आता पायऱ्यांशिवाय जुळतात. छपराची कड धाब्यावर जाऊन नेमकी टेकते. या आनंदात त्यांनी जेवण चुकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी विचारलं, "छप्पर बसलं का?"

"उद्या."

काकूंनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं आणि कपाटाकडे कूस वळवली. दुपारी त्या गेल्या. तेव्हा काका शेजारच्या खोलीत होते आणि सहा खिडक्यांच्या चौकटी चिमट्यांत धरून डिंक वाळायची वाट पाहत होते. ताईंनी हाक मारली तेव्हा त्यांनी आधी चिमटे सोडवले, मग ते उठले.

दिवसकार्य उरकल्यावर ताईंनी विचारलं, "आता पुरं करणार ना ते?" काकांनी ट्रेमधल्या जुन्या, उंच भिंती काढून टेबलावर मांडल्या.

दोन महिन्यांनी आर्किटेक्टबाई भेटायला आल्या. मॉडेल पलंगाशेजारी त्याच स्टुलावर होतं. बाईंनी वाकून अंगण पाहिलं, पन्हळ पाहिली, मधल्या पायऱ्या पाहिल्या. नव्याने चिकटवलेल्या कडा त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत.

"काका, सांधा काय सुरेख जमवलात! फक्त..." त्या जरा अडखळल्या. अडतीस वर्षांत काकांची चूक काढायची वेळ कुणावर आली नव्हती. "या बाजूची खिडकी फार वर नाही झाली? माणूस उभा केला तर हनुवटीला लागेल."

"हनुवटीलाच लागते," काका म्हणाले. "मोजून घेतलंय."

बाई निघाल्या. दारातून जाताना त्यांचा हात चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघेला घासला, तसे काका मागून घाईने म्हणाले, "तिथे हात नका लावू."